अकरा ढाली आणि एक मॅट

गेल्या वर्षी आमच्या मुलींच्या कबड्डी संघाकडे अकरा ढाली जमल्या, त्याही एकही सामना न जिंकता. दोष माझाच. मी मॅटसाठी मदत मागत फिरत होते आणि लोक ढाली देत होते.

पनवेलच्या आसपासच्या गावांत ही जुनी रीत आहे. खेळासाठी द्यायचं म्हणजे वडिलांच्या किंवा आईच्या स्मरणार्थ ढाल द्यायची. तिच्यावर नाव कोरलेलं असतं, बक्षीस देताना ते माइकवरून पुकारलं जातं आणि देणाऱ्याची छाती फुगते. मॅट म्हटलं की हेच लोक म्हणायचे, "ताई, ती कशाला? ढाल देतो ना!"

मी बँकेत नोकरी करते, खांदा कॉलनीत राहते. लग्नापर्यंत कबड्डी खेळले. आता संध्याकाळी करंजाडेच्या मोकळ्या मैदानावर बारा मुलींना शिकवते. मैदान मातीचं, आणि जिल्ह्याची निवड चाचणी मात्र मॅटवर. आमची सगळ्यात चपळ चढाईपटू मातीवर कुणाच्या हाती लागायची नाही, पण आदल्या वर्षीच्या चाचणीत मॅटवर, उसने बूट घालून, दोनदा घसरली आणि यादीतून गेली. कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. वडील उलव्याला बांधकामांवर रेती-सिमेंट पोचवतात. त्यांनी तिला बजावलं होतं, की यंदा निवड झाली तर ठीक, नाहीतर खेळ बंद आणि मामाच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसायचं. बाप वाईट नव्हता, पण पोरीला एकदाही खेळताना न बघता त्याने हे ठरवलं, याचा मला फार राग यायचा.

शेवटी एक कंपनी तयार झाली. तिथल्या बाईंनी सांगितलं, "मॅटची अर्धी रक्कम तुम्ही महिन्याभरात तुमच्या क्रीडा मंडळाच्या खात्यात जमवा, तेवढीच आम्ही घालू." ढाली धरता येतील का, असं मी विचारून पाहिलं. त्या मनापासून हसल्या आणि नाही म्हणाल्या.

मग मी डोकं लढवलं. मॅट म्हणजे एकात एक अडकवलेले चौकोनी तुकडे. तुकड्यांच्या एका रांगेचे पैसे द्या, तिच्यातल्या एका तुकड्यावर तुमच्या वडिलांचं नाव छापून घेऊ! मी स्वतःवरच इतकी खूश झाले की त्या रात्री भात करपला तरी मला वास आला नाही. दुसऱ्या दिवशी पहिला फोन केला तो करंजाड्यातल्या एका काकांना. त्यांची शेती सरकारी संपादनात गेली, मोबदल्यातल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन.

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग फोनमधून कडाडले, "ताई, माज्या बापाच्या नावाव पोरी पाय ठेवतील? तुमाला काय वाटतं का नाय?"

मीही तापट. "मग ठेवा तुमची ढाल कपाटात!" म्हणून फोन आपटला. दोन दिवसांत गोष्ट गावभर झाली आणि त्यानंतरच्या फोनांवर हो म्हणालेले चौघेही मागे सरकले. कंपनीला आपलं चिन्ह मधोमध, जिथे सगळ्यात जास्त पाय पडतात तिथेच हवं होतं. त्यांच्या कागदपत्रांत बुडून मी बापाचं नाव आणि कंपनीचं नाव एकाच मापाने मोजलं होतं. चूक कळली, पण माफी मागायला जीभ वळेना.

आठवड्याने काका स्वतःच मैदानावर आले. स्कूटरला वर्तमानपत्रात गुंडाळलेली ढाल. बारावी! मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात सराव सुरू झाला. मुली एकेक करून वाकल्या, रेषेजवळच्या मातीला हात लावून कपाळाला लावला, मग आत गेल्या. काका बघत राहिले. त्यांनी आमच्या चढाईपटूला हाक मारली.

"मॅट आली का तिच्या पन अशाच पाया पडाल?"

"पडनारच काका. पाया पडल्याशिवाय आमी आत पाय ठेवत नाय."

काकांनी ढाल परत स्कूटरला लावली. "माजा बाप असाच करायचा," ते म्हणाले. "मिठागरातनं आला का डायरेक खेलायला. मी बांधावर बसून बघायचो." त्यांचे डोळे भरून आले होते. "टाका त्याचं नाव. कोपऱ्यात नको, पोरी जिथून आत जातील तिथं टाका."

मी स्वतः पंधरा वर्षं अशीच वाकून मैदानात उतरले, आणि फोनवर हे सांगायचं मला सुचलं नाही. त्याच वेळी मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी फोन लय जोरात आपटता." मागे सरकलेल्या चौघांना त्यांनीच गाठलं, आणखी तिघांना भरीला घातलं. मुदतीला चार दिवस असताना आमचा वाटा पूर्ण झाला, कंपनीनेही शब्द पाळला, आणि मॅट आली. पहिले आठ दिवस मुली नुसत्या घसरत होत्या आणि खिदळत होत्या. मग पाय बसले.

चाचणीत आमची पोर एकदाही घसरली नाही. यादीत तिचं नाव तिसरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ मॅटच्या कडेला येऊन उभे राहिले. कपड्यांवर सिमेंटची धूळ, चपला हातात. पोरीच्या तीन चढाया त्यांनी तोंडाचा आ करून बघितल्या. मग माझ्याकडे आले.

"मॅडम, मी तिचा बाप. उद्यापासनं मीच आनून सोडीन तिला. किती वाजता आनू?"

"साडेपाच. आणि साडेपाच म्हणजे साडेपाच," मी उगाचच दरडावून सांगितलं, नाहीतर तिथेच रडले असते.