चिप काढल्यावरचा आवाज

बाबा गेल्यावर त्यांच्या डिझेल गाडीत मी पॉवर वाढवायची चिप टाकली. म्हटलं, गावचा घाट झकास चढू. काळा धूर सोडत चढलो, ट्रकवालेसुद्धा हॉर्न मारून पुढे गेले.

परत आल्यावर गाडी गॅरेजला नेली. साकीनाक्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"चिप कोणत्या शहाण्यानं टाकली?"

"मीच तो. गाडी वडिलांची होती."

"मग गाडीला त्यांचीच चाल ठाऊक आहे रे. पळवू नको, ऐक."

चिप काढून त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावली. बाबा सकाळी खाली गाडी चालू करून मला हाका मारायचे, तोच आवाज.

आता गाडी ठणठणीत आहे. तरी मी रोज स्क्रूड्रायव्हर घेऊन बोनेटमध्ये वाकतो. सोसायटीत सगळ्यांना वाटतं, मला काम येतं.