आंब्यावरचे दगडफूल

कच्चे दगडफूल तोंडात टाकले तर वाळलेल्या पानासारखे लागते. वासही फारसा नसतो, बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसा काहीसा. तव्यावर दोन थेंब तेलात ते गरम झाले की मात्र निराळाच वास सुटतो, आणि तो नसेल तर मालवणी मसाला नुसता तिखट होतो. या वस्तूपायी आमच्या घरातला एक अख्खा उन्हाळा वाया गेला. त्याला आता बरीच वर्षे झाली, पण आठवले की वैताग तसाच येतो.

माझी आत्या परळला एका गिरणीच्या मागच्या चाळीत खाणावळ चालवत असे. दोन खोल्या आणि पुढची गॅलरी, एवढीच जागा. जेवायला येणारे सगळे कोकणातले, गिरणीत कामाला, बायकामुले गावी. त्यांना ती मेंबर म्हणे आणि ते तिला मावशी म्हणत. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि तिच्याकडेच राहत होतो. समोरच्या चाळीत दुसरी एक खाणावळ होती. तिथे भात जास्त मिळे, आमच्याकडे कालवण चांगले मिळे. मेंबर टिकत ते कालवणावर, आणि कालवण टिके मसाल्यावर. तो मसाला वर्षातून एकदा, पावसाआधी होई. आत्या सगळे जिन्नस घरी भाजून लालबागला डंकावर कांडून आणी. हे मेंबर गेले तर तिला दुसरा आधार नव्हता. नवरा कधीच वारला होता.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा सभा. बाजार उघडा असेल याची सकाळी खात्री देता येत नसे. त्या वर्षी आत्याचा लालबागचा नेहमीचा दुकानदार गडबडीला कंटाळून गावी गेला आणि चैत्र संपला तरी परतला नाही. मिरच्या, धणे, खसखस, सगळे इतर दुकानांतून आले. दगडफूल मात्र आत्याला कुणाचेच पटेना. ती चिमूटभर उचलून तळहातावर चोळी, हुंगे आणि परत टाकी. "झाडाची साल विकतोय मेला," असे दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे. पिशव्या धरून तिच्यामागे उभा राहण्याचे काम माझ्याकडे होते.

अशात गावाहून काका आले. हे आत्याचे थोरले भाऊ. चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून बोटीने आले होते आणि पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीने परत जाणार होते. आत्याची अडचण त्यांना आधीच कळली होती; भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून गावाला सगळे कळते. त्यांनी एक गोणपाट भरून आणले होते, आणि सोबत हातभर लांबीची आंब्याची एक फांदी.

"माज्या झाडार पसरलेलां असताना तू बाजारात पैशे कित्याक मोजतंस?" त्यांनी गोणपाट उपडे केले. "घे. वर्साचां दगडफूल. आमच्या आंब्याचां."

"आणि ही फांदी रे दादा?"

"ही जित्ती हा. गॅलरीत बांदूया. रोज पाणी मारलंस काय वाडतलां. परत दुकानाची पायरी चडाची गरज नाय."

 माहेराहून आलेल्या वस्तूला आत्या नावे ठेवत नसे. काकांनी फांदी गॅलरीच्या कठड्याला सुंभाने बांधली आणि लोट्याने पाणी मारले.

दुपारी आत्या गोणपाट निवडायला बसली. चांगले दगडफूल सुट्या पानांसारखे असते, वरून राखाडी, खालून काळे. निवडताना माती आणि काडी झटकली की झाले. काकांचा माल तसा नव्हताच. आंब्याच्या खोडावर पांढरट-हिरवट डाग असतात, कुणी चुना शिंपडल्यासारखे, ते त्यांनी कोयतीने तासून आणले होते. ते सालीला इतके चिकटलेले होते की निम्म्याहून अधिक सालच होती. आत्याने मूठभर तव्यावर टाकले. ओल्या लाकडाचा धूर झाला. तिने दोन थेंब तेल सोडले. धूर वाढला. तिने खिडकी उघडली, तवा उतरवला आणि माझ्याकडे पाहिले. गॅलरीतून काकांचा आवाज आला, "काय गो, वास इलो मा?"

"इलो," आत्या म्हणाली.

त्या एका शब्दाने पुढचे सगळे ओढवून घेतले. काका घरात असेपर्यंत बाजारातून दगडफूल आणणे आता शक्य नव्हते. आणि मसाला झाल्यावर त्यातला एक डबा ते गावी नेणार होते, त्यामुळे ते गेल्यावर करू असेही म्हणता येत नव्हते. जुना मसाला तळाला गेला होता. आत्या तो मिरचीपूड घालून पुरवत होती. मेंबर पाणी जास्त पिऊ लागले होते. साचेखात्यात मागांवर काम करणारे दोन भाऊ सगळ्यांत जुने मेंबर. त्यांतला थोरला एकदा म्हणाला, "मावशी, नवा मसाला कधी? की मुंबई मिळाल्यावरच?"

माझ्या वर्तमानपत्रात कॉलेजातले एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अधूनमधून लिहीत. लेख द्यायला आले तेव्हा मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे: ही एक वनस्पती नव्हेच. बुरशी आणि शेवाळ एकमेकांना धरून राहतात, त्यांची ही जोडी. झाडाला ती खात नाही, फक्त त्यावर बसते. तिचे प्रकार पुष्कळ, आणि मसाल्याला चालणारे त्यांतले थोडेच. ते डोंगरातल्या थंड, दमट हवेत होतात. वाढ अतिशय सावकाश. एकदा खरवडले की पुन्हा तेवढे यायला कित्येक वर्षे लागतात. आणि धूर तिला सोसत नाही. गिरणगावात ती जगणे अशक्य.

हे मी घरी येऊन काकांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तो मास्तर कधी आमच्या आंब्याखाली इल्लो?"

"नाही, पण ते शास्त्र..."

"मगे गप रव."

फांदीची सेवा चालूच राहिली. चाळीत नळाला पाणी सकाळी थोडा वेळ येई. आत्या त्यात मेंबरांचे जेवण, भांडी आणि धुणे भागवी. काका त्यातले लोटाभर पाणी फांदीला आणि लोटाभर फांदीच्या पाठीला घालत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीत फेण्या वाळत घातल्या होत्या. त्या एक दिवस जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "अहो मामा, त्या लाकडाला न्हाऊ घालताय की माझ्या फेण्यांना? बारसं कधी आहे ते तरी सांगा!"

"जाईत तेव्हा घुगऱ्यो तुमकाच पयले," काका वरून म्हणाले.

गिरणीच्या धुराड्यातली काजळी दिवसभर चाळीवर पडे. वाळत घातलेल्या धोतरावर, भातावर, माणसांच्या कानांवर. ती फांदीवरही पडली. पांढरट डाग आधी करडे झाले, मग काळपट. काकांनी मला मुद्दाम बोलावून दाखवले. "बघ. बाजारातल्यासारख्यां काळां जाता हा. तुज्या मास्तराक सांग." मी बोट फिरवले. बोट काळे झाले. ते मी काकांच्या डोळ्यांसमोर धरले. नव्या चष्म्यातून त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, "रंग सोडता म्हंजे जातीचां हा."

शेवटच्या बोटीला फार दिवस उरले नव्हते. आत्या मला म्हणे, "तू सांग त्याला." मी म्हणे, "तूच 'इलो' म्हणालीस." ती म्हणे, "मी धाकटी बहीण." मी म्हणे, "मी पुतण्या." हे संभाषण रोज होई.

अखेर तिने एक निर्णय घेतला. उरलेला जुना मसाला संपवून तिने नवा थोडासाच केला, खलबत्त्यात घरीच कुटून, आणि त्यात काकांचे दगडफूल घातले. रविवारी त्याचे काळ्या वाटाण्याचे सांबार केले. पंगतीत मेंबरांबरोबर काकांना बसवले. मीही होतो.

पहिल्या घासाला बोलणे थांबले. त्याआधी मोर्च्याची चर्चा जोरात चालू होती; मुंबई कुणाच्या बापाची नाही इथपर्यंत आली होती, ती तिथेच थांबली. काका वडीलधारे आणि त्यांतल्या काहींच्या गावाकडचे, त्यामुळे कुणी तोंड उघडेना. सगळे भात खाऊ आणि सांबार बाजूला सारू लागले. साचेखात्यातल्या धाकट्याने नुसत्या मिठाशी भात संपवला. सांबारात एक कडवट, लाकडी चव होती आणि ती पाणी प्यायल्यावर वाढत होती.

काका मन लावून जेवणारे. त्यांनी तीन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"आज ह्या सांबाऱ्यात काय घातलंस गो? शेवाळ चावल्यासारख्यां लागता."

"तुजां दगडफूल," आत्या म्हणाली.



"मुंबयचां पाणी वायट," काका म्हणाले.

"पाणी कालचांच दादा. वाटाणे कालच्याच पिशयेतले. तुजां दगडफूल तेवढां नवीन."

"मुराक होयां. चार म्हयने जाऊ देत. मगे बघ."

"मुरासर माजी माणसां खंय जेवतीत? समोर?"

आत्या भावाशी त्या आवाजात बोललेली मी पूर्वी ऐकली नव्हती. काकांनी पानातले सगळे संपवले, सांबारासकट. हात धुतला आणि गॅलरीत जाऊन फांदीला पाणी मारले. त्यानंतर बोटीच्या दिवसापर्यंत ते आत्याशी माझ्यामार्फत बोलले. मी तिथेच, दोघांच्या मध्ये बसलेला असे. "तिका सांग, माका च्या नको." "त्याला सांग, केलाय, गार होतोय." वर्तमानपत्रात मी अनेकांचे म्हणणे अनेकांपर्यंत पोचवले आहे. इतके निरर्थक काम दुसरे आठवत नाही. मसाल्याचा डबा न घेताच ते गेले. आपण चुकलो असे त्यांनी धक्क्यावरही म्हटले नाही. जाताना फांदीबद्दल मला म्हणाले, "तिका सावलीत ठेव."

काका गेल्यावरच्या सोमवारी साचेखात्यातले दोघे भाऊ आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. आत्याने त्यांची पाने मांडायची आणि उचलायची हे दोन्ही वेळा केले. समोरच्या खाणावळीच्या जिन्यावर दोघांना पाहिल्याचे खालच्या बाईंनी तिला न विचारता सांगितले.

तेव्हा ती उठली आणि लालबागला गेली. पहिल्या खेपेला "साल विकतोय" म्हणून जिथून आली होती, त्याच दुकानात. दुकानदार तिला विसरला नव्हता. "आज काय, साल हवी का मावशी?" त्याने विचारले. तिने ते ऐकून घेतले. त्याची दोन पोती उपसायला लावली आणि तळाचे दगडफूल घेतले. ते तिच्या मते मध्यम होते. घरी येऊन निवडले, बाकीचे जिन्नस भाजून झाल्यावर तव्याच्या उरलेल्या धगीवर परतले. या वेळी खिडकी उघडली नाही. डंकावर रांग होती, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा हरताळ होता. मसाला घेऊन आम्ही परतलो तेव्हा पहिला शिडकावा होऊन रस्ता ओला झाला होता.

नव्या मसाल्याचे पहिले सांबार झाले. मेंबर जेवले. मुंबईवर बोलत होते, जेवणावर कुणी अवाक्षर काढले नाही. आत्या वाढायचे पातेले हातात घेऊन पंगतीच्या टोकाला उभी होती.

"मेल्यांनो, जिभा मोर्च्यात ठेवून आलात काय?"

"का मावशी? चांगलं झालंय की," एक जण म्हणाला आणि वाटी पुढे केली.

समोरच्या चाळीपर्यंत तो वास गेला की कुणी सांगितले ते मला ठाऊक नाही. त्या आठवड्याच्या अखेरीस दोघे भाऊ दारात उभे राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या, आत पाऊल टाकले नव्हते.

"कुठे होतात?" आत्याने विचारले.

"मोर्च्यात, मावशी," थोरला म्हणाला.

"आठवडाभर?"

"हां."

"मग मुंबई अजून मिळाली कशी नाही?"

धाकटा हसला. थोरल्याने त्याला कोपर मारले. आत्याने त्यांना आत घेतले नाही. पहिली पंगत उठेपर्यंत गॅलरीत उभे ठेवले. मग दोन पाने मांडली. सांबार वाढताना थोरल्याच्या वाटीवर तिचा हात क्षणभर थांबला.

"तिकडं भात जास्त वाढतात म्हणे."

"वाढतात, मावशी. पण तो खाणार कशाशी?"

तिने वाटी काठोकाठ भरली.