सरांच्या खुणा मला पाठ होत्या

माझ्या सॉफ्टबॉलच्या सरांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी विषय बदलते. त्यांनी मला घडवलं हे खरं आहे, आणि म्हणूनच राग जात नाही. परक्याने थोबाडीत मारली तर माणूस चार दिवसांत विसरतो. सरांच्या बाबतीत मी पंधरा वर्षं डूख धरून बसले होते.

सातवीत असताना आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला, शांती नगरात राहायला आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खेळायला जाताना दाराची किल्ली माझ्याकडे असायची आणि आईला नेमकं तेव्हाच बाहेर पडायचं असायचं. ती गॅलरीतून हाक मारायची. तीन मजले कोण चढणार? मी हात गोल फिरवून खालूनच किल्ल्यांचा जुडगा वर फेकायचे, तो थेट तिच्या ओंजळीत. एकदा समोर चहा पीत उभा असलेला एक माणूस म्हणाला, "परत फेक." मी परत फेकला. चार वेळा. आई वैतागून आत निघून गेली.

तो माणूस आमच्या शाळेतला खेळाचा नवा शिक्षक निघाला. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खांद्यावरून नाही, असाच खालून, हात पूर्ण फिरवून बॉल टाकते. सर मला रोज सकाळी पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या मोकळ्या जागेत न्यायचे आणि कंपाउंडच्या भिंतीला खेटून उभं करायचे. हात सरळ फिरला तर ठीक, जरा वाकडा गेला की बोटांची सालं निघायची. "भिंत खोटं बोलत नाही," म्हणायचे. दोन वर्षांत माझा हात इतका सरळ झाला की भिंत काढून टाकली तरी चालायचं. माझ्या उजव्या हाताच्या सांध्यांवर त्याचे डाग अजून आहेत.

मॅचमध्ये कुठला बॉल टाकायचा ते सर ठरवायचे. बाकावरून खूण करायचे. कानाला हात लावला की राइज, म्हणजे वर उठणारा. घड्याळाला लावला की ड्रॉप, खाली पडणारा. रुमालाने मान पुसली की चेंजअप, हळू येऊन फसवणारा. मी कधीही मनाचं टाकलं नाही. टाकायची छातीच नव्हती.

दहावीत राज्याच्या संघासाठी निवड होती. शेवटच्या इनिंगला सरांनी लागोपाठ तीनदा मान पुसली. तिसरा हळू बॉल समोरच्या मुलीने ओळखला आणि कुंपणाबाहेर घालवला. निवड करणाऱ्यांनी विचारलं, असा बॉल का टाकला? सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी ड्रॉप सांगितला होता. ही ऐकत नाही. मनाचं टाकते."

यादीत माझं नाव आलं नाही. ऐकत नाही हा शिक्का बसल्यावर पुढच्या वर्षीही कुणी बोलावलं नाही. घरी आई म्हणाली, "सर खोटं कशाला बोलतील?" तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

शिकून मी स्वतः खेळाची शिक्षिका झाले. उत्तनजवळच्या शाळेत लागले आणि चौक गावातल्या मुलींचा संघ उभा केला. गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. समोर सरांचा संघ. केस पांढरे, पोट सुटलेलं, आणि फायनलच्या आधीच त्यांच्या एका मॅचमध्ये मी लांबून पाहिलं होतं, म्हाताऱ्याने कानाला हात लावला आणि त्यांच्या पिचरने राइज टाकला. पंधरा वर्षांत खुणाही बदलल्या नव्हत्या! इतका गर्व की आपल्या खुणा चोरणार कोण, असंच त्यांना वाटत असावं.

मी बसमध्ये माझ्या पोरींकडून तिन्ही खुणा पाठ करून घेतल्या. मैदानावर आमची पहिली बॅटर माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, कानाला हात लावलाय. राइज हाय ना?"

"हाय," मी म्हटलं. "हाण."

गुरूची विद्या गुरूला. चौथ्या इनिंगपर्यंत आठ रन झाले. त्यांची पिचर चौदा-पंधरा वर्षांची, बारकीशी. प्रत्येक बॉल फटकावला गेला की ती सरांकडे बघायची, आणि सर पुन्हा मान पुसायचे. मी मांडीवर थाप मारून हसत होते. इतकं हसू मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

आम्ही जिंकलो. सर त्या मुलीचा दंड धरून तिच्या आईवडिलांपुढे घेऊन गेले. "सुनती ही नहीं. मैंने ड्रॉप बोला था."

मी मैदान ओलांडून थेट त्यांच्यासमोर गेले. "सर, तुम्ही मान पुसली होती. तिने चेंजअपच टाकला. आज तुम्ही सांगितलंत तेच टाकलं तिने, शेवटपर्यंत. मीही तेच टाकलं होतं."

"तुला काय माहीत मी काय सांगितलं?"

"तुमच्या खुणा मला पाठ आहेत. आता माझ्या सगळ्या पोरींनाही आहेत."

आईवडील सरांकडे बघू लागले. सर मटकन बाकावर बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आता ही पोरगी माझ्याकडे बघेल, रडेल, मी तिला जवळ घेईन, असं माझ्या मनात होतं.

ती बघत होती खरी. म्हणाली, "मतलब आपको पहले बॉल से पता था?"

"हां."

"और आप हँस रही थीं."

"बेटा, मेरा झगडा तेरे से नहीं था."

"पर बॉल तो मैं डाल रही थी."

तिने ग्लव्ह उचलला आणि बाकावर बसायला गेली. सरांनी सरकून तिला जागा करून दिली.