हरणाबाईंचा परसाद

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, नळदुर्ग. सकाळी सहाच्या एसटीने हरणाबाईंना घेऊन सोलापूरला. दहावे इंजेक्शन. रक्तातले वाईट प्रथिन दोन महिने उतरत होते, ते पुन्हा चढले. डॉक्टरांनी विचारले, "दुसरे काही घेता का?" हरणाबाई म्हणाल्या, "न्हाय." दोन वाजता परत.

हरणाबाई माझ्या शेजारीण. मूळच्या जळकोटच्या. नवरा गेल्यावर शेळ्या राखून त्यांनी तीन मुलींची लग्ने केली. आता हाडांच्या मज्जेत कॅन्सर.

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी मी त्यांना सांगितले होते : पेशीत प्रथिने बनतात, काही बिघडतात. बिघडलेल्याला पेशी खूण लावते आणि खुणेची प्रथिने तुकडे करणाऱ्या यंत्रात जातात.

"म्हंजे गेरू लावलेली शेळीच बाजारला."

तसेच. कॅन्सरची पेशी भसाभस प्रथिने काढते. इंजेक्शन तिचे ते यंत्र बंद पाडते. घाण आतच साचते आणि पेशी मरते.

"आपल्याच घाणीत? लई बेस," म्हणून त्या हसल्या होत्या.

आज त्यांना घरी सोडायला गेले, तर चुलीजवळ पेला. तळाशी हिरवा गाळ, कडेला बुळबुळीत साय, त्यात मेलेले चिलट. मी पेला उचलून दाखवला.

"हे काय?"

"बिभीषणानं दिलेला परसाद. घट बसल्यापासून रोज पिते."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"परसाद म्हंजे औषद हाय का, बाई?"

चुलीमागे डबा होता; त्यावर कुंकवाचे बोट, खाली छापलेले : ग्रीन टी. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताबडतोब बंद. त्यातली द्रव्ये या औषधाला धरून निकामी करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. आकडा त्यानेच चढला का, ते पुढच्या तपासणीत कळेल."

तेवढ्यात त्यांचा पुतण्या बिभीषण आला. गळ्यात डब्यावरच्याच कंपनीचा बिल्ला, तोंडात गुटखा.

"काकू, संपवला न्हाय आजचा? बाई, हे पेशीतला कचरा साफ करतंय बघा."

"कचरा साचावा म्हणूनच इंजेक्शन देतात."

"परसाद कुणाला बाधत न्हाय."

"तुळजापुरातून आणलास?"

तो उंबऱ्याबाहेर थुंकला. पिंक पायरीवरून ओघळली. "देवीच्या फोटोपुढं ठिवला व्हता की. तसा दिला तर काकू पीत न्हाय."

हरणाबाई उठून त्याच्यासमोर आल्या. "देवीचं नाव घिऊन? डॉक्टर इचारत व्हता, आन म्या तोंडावर न्हाय म्हनले."

त्यांनी डबा उचलला आणि उकिरड्यावर नेऊन उपडा केला. मग माझ्याकडे वळल्या. "पाप लागंल का?"

"ज्यानं कुंकू लावलं, त्याला."

"ऐकलास? पायरी धू, आन नीघ."

त्याने पायरी धुतली नाही. शेवटी मीच धुतली, दोन बादल्या ओतून. अजून हाताला वास आहे. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी पुढच्या मंगळवारी. तोवर मी त्यांना एकटीने जेवू देणार नाही, असे सांगून हाताला धरून माझ्या घरी आणले.

संध्याकाळी ज्वारीच्या चार भाकरी केल्या, हरणाबाईंनी दीड खाल्ली.