हौसाक्काचा बंब

चाकणच्या बाजूला खोली शोधत फिरत होते, तेव्हा प्रत्येक घरमालकाने आधी डिपॉझिटचं विचारलं. हौसाक्काने विचारलं, "कामावरनं आल्यावर आंघूळ करतीस का तशीच आडवी व्हतीस?" मी गोंधळून म्हटलं, "करते की." ती म्हणाली, "मग ऱ्हा." खोली पक्की झाली.

तिच्या अंगणात तांब्याचा बंब होता. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर मुलाने भाड्याच्या खोल्या काढल्या, पण बंब तिने जागचा हलू दिला नाही. कंपन्यांनी टाकून दिलेल्या लाकडी पॅलेटच्या फळ्या ती आणवायची, पायरीवर बसून त्यातले खिळे उपटायची आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला बंब पेटवायची. तिच्याकडे राहणाऱ्या आम्ही सगळ्या परभणी-हिंगोलीकडच्या, ठेकेदारामार्फत कामाला लागलेल्या मुली. आलेल्या मुलीपुढे ती आधी बादली ठेवायची. "कंपनी आंगावरनं उतरव, मग बोल काय बोलायचंय त्ये." माझे केस बघून म्हणायची, "तुज्या डोस्क्यात तर आख्खा प्लँट आलाय." घरी आईनेही माझं कधी इतकं न्हाणं केलं नव्हतं, आणि हे मी आईला कधी कळू दिलं नाही.

तिचा राग नाकावर असायचा. दिवा चालू ठेवून झोपलेलं खपायचं नाही. खिडकीतून काठी घालून ढोसायची. पण कुणी आजारी पडलं, घरची आठवण काढून रडलं, कुणाला ठेकेदाराने काढून टाकलं, तर तिच्याकडे औषध एकच होतं. ती बंब पेटवायची. गरम पाण्याने माणसाचं निम्मं दुःख जातं अशी तिची ठाम समजूत होती, आणि पुष्कळदा ते खरंही व्हायचं.

आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारी माझ्या खोलीत राहणारी मीना ओव्हरटाइमला गेली होती. मीना हे तिचं खरं नाव नाही. खरं मी सांगणार नाही. स्टोअरमधला माल मोजायचा आहे म्हणून सुपरवायझरने तिला एकटीलाच बोलावलं होतं. दुपारी ती परत आली ती उंबऱ्यावरच बसली. कुर्त्याची बाही खांद्यापासून उसवली होती. काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग दात वाजायला लागले म्हणून थांबली.

हौसाक्काने पुढचं काही विचारलं नाही. मला म्हणाली, "बंब पेटव." मी फळ्या घातल्या, बादल्या नेल्या. अक्काने मीनाला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातलं, केस विंचरले, स्वतःचं धुवट पातळ तिला गुंडाळलं. मग तो पंजाबी ड्रेस धुण्याच्या दगडावर घेऊन साबण लावला आणि ब्रशने असा घासला की दगडाला जीव असता तर ओरडला असता. पिळायला दुसरं टोक मी धरलं होतं. ड्रेस दोरीवर पडला, मीनाच्या पोटात चहा गेला, तेव्हा अक्का उठली. "आता चला. त्या मुडद्याला सोडायचा न्हाई."

जवळच्या खाजगी दवाखान्यात काउंटरवरच्या माणसाने आधी डिपॉझिट सांगितलं, मग प्रकरण कळल्यावर म्हणाला, "पोलिस केस आहे, सरकारीत न्या." अशा वेळी कुठल्याही दवाखान्याने आधी मोफत उपचार करायचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं. सरकारी दवाखान्यात मात्र कुणी पैशाचं नाव काढलं नाही. तरुण डॉक्टरीण होती. एकेक गोष्ट मीनाला विचारून, तिने मान हलवल्यावरच करत होती. मध्येच तिने विचारलं, "हे झाल्यानंतर आंघोळ केली? कपडे बदलले?"

मीनाच्या आधी अक्का बोलली. "व्हय. म्या घातली की, कडकडीत पान्यानं. कपडे बी धुतले, या हातानं." तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

डॉक्टरणीचा पेन थांबला. मग तिने शांतपणे समजावलं की अंगावर, कपड्यांवर जे असतं तोच पुरावा असतो, म्हणून आधी दवाखाना आणि मग आंघोळ. रागावली नाही. ती रागावली असती तर अक्काला सोपं गेलं असतं. अक्काने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि ते पदराखाली घेतले. मी शेजारीच उभी होते आणि माझेही हात होते, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"तरी सगळे नमुने घेऊ," डॉक्टरीण म्हणाली. "तो ड्रेसही आणा. धुतलेल्या कपड्यावरही सापडू शकतं." ड्रेस कागदी पिशवीतून पोलिसांकडे आणि तिथून लॅबकडे गेला. डॉक्टरणीचं ते वाक्य मी अक्काला पुढे कितीदा तरी ऐकवलं. तिचं उत्तर ठरलेलं. "तिनं चांगुलपनानं सांगितलं गं. लॅबचा कागद येऊ दे, मग बगू."

त्या दिवसानंतर अक्काने बंब पेटवला नाही. मुलाकडून गच्चीवर सोलर बसवून घेतला. आम्ही आलो की पायरीवर बसलेली असायची, पण अंगावरनं काय उतरवायचं ते बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कागद येईना. तो माणूस जामिनावर सुटला. त्याचा वकील कोर्टात म्हणाला की पुरावाच नाही, सगळं धुतलेलं आहे. अक्का मागच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ऐकलंस? त्याचा वकील म्याच हाय."

मग तिने पोलिस चौकीत खेटे सुरू केले. तिथल्या हवालदारबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "अक्का, लॅबमध्ये माणसं कमी, नमुन्यांचे डबे जास्त. नंबर लागेल तेव्हा लागेल."

"किती पैशे लागत्यात? म्या देते. दोन गुंठे हायेत माज्या नावावर."

"असं तुम्हाला देता येत नाही. ते सरकारनेच करायचं."

"सरकारला चौकात कारंजं कराया पैका हाय, आन् पोरीचा कपडा बगाया मानूस न्हाई व्हय?" हवालदारबाईंनी चहा मागवला.

निवडणुकीत पुढारी हात जोडत गल्लीत आला, तेव्हा तिने त्याला लॅबची माणसं कधी भरणार ते विचारलं. तो हसून म्हणाला, "अक्का, गटाराचं, पाण्याचं काही असलं तर सांगा." ती म्हणाली, "पान्याचंच सांगतीया." त्याला काही उमगलं नाही, आणि ती दार लावून आत गेली.

बचतगटाच्या बैठकीत ती एरवी तोंड उघडायची नाही. त्या वर्षी हळदीकुंकवाला मात्र सगळ्या बायकांसमोर उभी राहिली. मीनाचं नाव नाही, गावही नाही. "पोरीवर आसा परसंग आला तर आंगाला पानी लावू नका. कपडा धू नका. तसंच उचला आन् सरकारी दवाखान्यात न्या, तितं पैसा लागत न्हाई. आन् चुकून धुतलं आसंल तरी बी न्या. म्या धुतलं हाय. म्हून सांगती." सून लाजेने लाल झाली. अक्का पुढच्या गल्लीतही गेली, आणि तिथेही तेच बोलली, "म्या धुतलं हाय." कुठेच ती "आमी" म्हणाली नाही. मी दोन्हीकडे बसलेली होते आणि वाण घेऊन घरी आले.

मीना गावी परतली होती. तिचा फोन आला की मी अक्कासमोर धरायची. ती मानेनेच नको म्हणायची. "माज्याशी काय बोलावं तिनं?" इकडे अक्का बोलत नाही म्हणून मीनाला वाटायचं, की आपल्यामुळे तिच्या घराला चौकी-कोर्ट लागलं याचा तिला राग आहे. दोघींच्या मध्ये फोन घेऊन मी उभी असायची.

दिवाळीच्या तोंडावर तापाचं निमित्त होऊन अक्का गेली. दवाखान्यात मला ओळखलं तेव्हा पहिलं विचारलं, "आला का गं?" खोटं बोलावंसं वाटलं होतं. बोलले असते तर तिने कागद मागितला असता.

संक्रांतीनंतर कागद आला. सरकारी वकिलांनी वाचून दाखवला. कुर्त्यावर काही नव्हतं. सलवारीच्या नेफ्यात, नाडी जाते त्या दुमडीत, ब्रश पोचला नव्हता. तिथे सापडलं होतं, आणि ते त्या माणसाचंच होतं.

साक्षीसाठी मीना आली आणि आमच्या जुन्या खोलीतच उतरली. सकाळी उठून पाहते तर ती अंगणात उकिडवी बसून पॅलेटच्या फळीतले खिळे काढत होती. बंबातली कोळिष्टकं तिने पुसली होती.

"सोलरचं पाणी आहे की," मी म्हटलं.

"त्या दिवशी ती मला पोलिसात ने, दवाखान्यात ने म्हणाली असती, तर मी हललेच नसते," मीना म्हणाली. "तिने अंगावर पाणी घातलं तेव्हा मला वाटलं, आता जगता येईल. म्हणून उठले आणि चालत गेले. हे तिला सांगायचं राहिलं."

मी तिच्या शेजारी बसले आणि बंब पेटवला. फळ्या ओल्या होत्या, धूर फार झाला. पाणी तापल्यावर मीनाने आंघोळ केली, केस बांधले आणि आम्ही कोर्टात गेलो. सरकारी वकिलांनी विचारलं, कपडे कुणी धुतले. मीना म्हणाली, "माझ्या अक्काने."

मग मला बोलावलं. मी म्हटलं, "आम्ही दोघींनी."