वस्तरा आणि पाळकसाहेबांची मान

न्हावीबुवांचा हात केस कापताना ठीक असायचा. वस्तरा धरला की मात्र लटपटायचा. दोन-चार गिऱ्हाइकांच्या हनुवटीला तुरटी लावायची वेळ आली आणि लोक समोरच्या दुकानात जाऊ लागले. दुकान बंद पडणार या धास्तीने तो हात आणखीच लटपटू लागला.

रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. "सोपं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "काम सुरू करण्याआधी खोल श्वास घ्या आणि मोठ्याने म्हणा, प्रभू, माझा हात धर."

न्हावीबुवा पडले सरळमार्गी. सोमवारी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा नेऊन, डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली. गिऱ्हाईक तोंडावरच्या फेसासकट रस्त्यावर! मंगळवारी आणखी एक पळालं, तेही दुकानाचा टॉवेल गुंडाळून.

"अहो, देवाला ऐकू येतं," बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "गिऱ्हाइकाला कशाला ऐकवता?"

बुधवारी खुद्द पाळकसाहेब आले. दुपारी त्यांना एक लग्न लावायचं होतं. न्हावीबुवांनी फेस लावला, वस्तरा उचलला, डोळे मिटले. "प्रभू, माझा हात..."

"मनातल्या मनात म्हणा हो!" पाळकसाहेब किंचाळले.

"तुम्हीच तर मोठ्याने म्हणायला सांगितलंत."

"माझ्या गळ्याजवळ नव्हतं सांगितलं!"

पाळकसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि हनुवटी थडथड उडत होती. अशा हनुवटीवर वस्तरा कोण चालवणार? न्हावीबुवांना त्यांची मनापासून दया आली. वस्तरा बाजूला ठेवून त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, श्वास घ्या. हां, आता सोडा. प्रभू, आमच्या पाळकसाहेबांना धीर दे. चांगला माणूस आहे, फक्त घाबरट आहे."

पाळकसाहेबांना हसू फुटलं. हसता हसता मान सैल झाली आणि न्हावीबुवांनी सपासप दाढी उरकली. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"तुमचा हात अजिबात हलला नाही," आरशात बघत पाळकसाहेब म्हणाले.

न्हावीबुवांनी हाताकडे पाहिलं. साहेबांना सांभाळायच्या नादात ते आपली भीती साफ विसरले होते. त्यांना एकदम भरून आलं. डोळे पुसायला त्यांनी हाताशी आलेला टॉवेल घेतला, तो नेमका साबणाचा. डोळे असे चुरचुरले की ते दुकानभर नाचायलाच लागले.

पाळकसाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांना नळापाशी घेऊन गेले. "श्वास घ्या," ते म्हणाले, "मी आहे ना."