टाकीतले तीळ

गाडी भुतानं बिघडत नाही, राजेहो. पवनीत बस स्टँडाच्या बाजूले माझं गॅरेज होतं, तेव्हा घसा बसेपर्यंत मी हेच सांगत होतो. पण ऐकते कोण? प्लग काळा झाला तरी लोकाइले भूत दिसे, पेट्रोल जास्त गेलं तरी भूतच. मले श्रावण मिस्त्री म्हणत. पण आज जे सांगून राहिलो ते माझं नाही, दिघोरीच्या गोदावरीबाईचं आहे. सारे तिले गोदामाय म्हणत.

बाई उंचीनं एवढीशी, पण तोंड असं की ती धानाच्या बांधीवर आली तं रोवणं करणाऱ्या बाया गप्पा सोडून कामाले लागत. नवरा लवकर गेला. धानाची एक बांधी न विकता तिनं दोन पोरं मोठे केले. थोरल्या भोजराजनं लिलावातली जुनी पेट्रोलची जीप घेतली अन् दिघोरी-पवनी सवाऱ्या न्यायले लागला. रुखमाशी त्याचं लग्न झालं. अन् मंग एका साली वैनगंगेले पूर आला. भोजराज जीप घाटावर उभी करून डोंग्यात बसला, डोंगा मधातच उलटला. बाकीचे सापडले, भोजराज नाही सापडला. जीप काठावर तशीच उभी होती, चाबी लागलेली.

गोदामायनं गावाले ठणकावून सांगतलं, "माया पोरगा जित्ता आहे. कोणी तेरवीचं नाव काढलं तं जीभ हासडीन." रोज संध्याकाळी ती त्याचं ताट वाढे. रुखमाचं कुंकू, बांगड्या, सारं जसंच्या तसं. बाया मागं कुजबुजत, पण तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

जीप आता धाकटा इश्वर चालवाले लागला, अन् तिथून ते सुरू झालं. अमावस झाली की दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढताना जीप अडखळे. फट-फट करे, खोकले, दम सोडे. पूर्ण चोक ओढावा तेव्हा कुठं पुढं सरके. अन् पेट्रोल? पेट्रोल तं अशी पिऊन राहिली होती की इश्वर रडकुंडीले आला. सवाऱ्या म्हणत, भोजराजच बसला आहे आत, तोच पिते. एका बाईनं शपथ घेऊन सांगतलं की जीप बंद पडली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची रिकामी सीट ओली होती, अन् त्या ओलीले नदीच्या गाळाचा वास होता.

मी भडकलो. "भूत-बीत काही नाही बे, आण इकडं गाडी!" प्लग काढले, काजळीनं काळेभोर. सारखा चोक ओढल्यावर दुसरं काय होईल? प्लग घासले, पॉइंट साफ केले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. जीप झकास चालू झाली. पुढची अवस झाली अन् पुन्हा त्याच पाळीवर तेच. आता खोटं कायले बोलू, मले त्या गाडीखाली शिरायची भीती वाटू लागली. मी खाली निजलो की वरच्या सीटची स्प्रिंग कर्र वाजे. बाहेर येऊन पाहावं तं सीट रिकामी.

तेवढ्यात गोदामायचा दीर मारोतराव चार लोक घेऊन तिच्या अंगणात आला. "वहिनी, पोराचा आत्मा भटकून राहिला. सर्वपित्रीले त्याचं क्रियाकर्म करून टाकू. सुनेचं कुंकू पुसलं की गाडी आपोआप शांत होते."

"अन् गाडीतच बिघाड निघाला तं?" गोदामायनं विचारलं.

"तं मी तोंड उघडणार नाही."

घ्या! म्हणजे त्या तरण्या पोरीचं कपाळ माझ्या हातातल्या पान्यावर येऊन टेकलं. रात्रंदिवस डोक्यात तेच. मी इश्वरले बजावून ठेवलं, आता बंद पडली की चोक ओढू नको, स्टार्टरचा सेल मारू नको, जशी आहे तशी ओढत आण, म्हणजे खूण मिटणार नाही.

पोळ्याची अवस झाली अन् दुसऱ्या दिवशी जीप आली. रंगवलेल्या शिंगाच्या बैलजोडीनं ओढत आणलेली, मागच्या सीटवर गोदामाय. इश्वर बैलाइले पाणी दाखवाले घेऊन गेला. मी बॉनेट उघडलं अन् पेट्रोल चढवणाऱ्या पंपाच्या काचेच्या वाटीत पाहिलं. वर पेट्रोल, खाली पाणी. म्हटलं, सापडलं! सपाट रस्त्यावर हे पाणी टाकीच्या तळाशी बसून राहत असंल, पाळीच्या चढावर सरकून नळीच्या तोंडाशी येत असंल. टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच, तिच्याखाली घमेलं ठेवून बूच काढलं. पाणी आलं, अन् पाण्यासंग काळे तीळ.

माझ्या हातावरचे केस उभे राहिले. तीळ अन् पाणी कोणाले देतात हे लहान लेकरालेही ठाऊक आहे. ते टाकीत आले कुठून?

"पोचत असंल का रे त्याले?" मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. गोदामाय घमेल्याकडं पाहून राहिली होती.

"माय, तू?"

"मंग कोन? नदीवर दिलं असतं तं गावानं पायलं असतं. गावानं पायलं की रुखमाच्या बांगड्या फुटल्या. तो आखरीचा इथंच बसला होता ना, म्हनून इथंच देते."

"अन् ते रोजचं ताट?"

"ते लोकाइले दाखवाले. पोरगा गेला हे मले त्याच दिवशी समजलं, बाबू. पन पोरीचं वय काय आहे? तिलेही खरं वाटलं पायजे, तं ती कुंकू लावंल."

एवढी तोंडाची बाई, पण ओठ चावून बसली. मी घमेलं उचललं अन् मागच्या उकिरड्यावर उपडं केलं. मारोतरावले निरोप धाडला, टाकीचं झाकण ढिलं होतं, पावसाचं पाणी शिरत होतं, भूत तुमच्या डोक्यात आहे. झाकण नवीन बसवलं, कुलपाचं. मारोतराव खरंच गप्प राहिला.

गोदामायले मी रेडिएटरचं झाकण दाखवलं. "गाडी पाणी पिते ते इथून. इथं दे. तीळ नको टाकू, नळ्या बुजतीन."

"तिळाबिगर पोचंल?"

"पोचंल," म्हटलं. मले काय ठाऊक?

त्यानंतर जीप पाळीवर कधी अडखळली नाही. पेट्रोलही बेतानं खाऊ लागली. पण एक गोष्ट मी कोणाले सांगतली नाही. अवस आली की रेडिएटरचं पाणी खाली गेलेलं राहे. पंप पाहिला, होज पाहिले, जमीन पाहिली. सारं कोरडं खडखडीत. शेवटी मी शोधणं सोडलं.

कैक वर्षांनी, धानाच्या मळणीच्या दिवसात गोदामाय गेली. त्यानंतरच्या अवसेले जीप ब्रेकच्या कामासाठी माझ्याकडं उभी होती. सकाळीच रेडिएटर मी गळ्यापर्यंत भरलं होतं. दुपारी रुखमा आली, हातात लोटा. कपाळ मोकळं.

मी दचकलो. "रुखमाबाई, कुंकू?"

"आता कायले लावू, भाऊ? माय गेली."

"अवं, सासू गेली म्हणून कुंकू पुसते का कोणी?"

"मी पुसलं असतं तं तिचा पोरगा मेला असता ना. ती रोज ताट वाढे. मले पयल्या दिवसापासून समजलं होतं, पन तिच्यासमोर कशी पुसू?" तिचा आवाज फाटला. "अन् मरता मरता म्हनाली, जिपेले अवसेचं पानी देत जा. म्हनजे तिलेही ठाऊक होतं, भाऊ. अन् मले वाटे, मीच तिले सांभाळून राहिली."

तिनं पदरानं डोळे पुसले, झाकण काढलं अन् लोटा तिरपा केला. मी सांगणार होतो की बाई, ते भरलेलं आहे, सारं पाणी सांडंल. पण अख्खा लोटा आत गेला. खाली जमिनीवर एक थेंब पडला नाही.